बेली डान्स ‘आपला’ आहे का?

स्नेहसंमेलनाची तयारी चालू होती. आठवीतली एक मुलगी रडवेली होऊन स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. गाण्यांची यादी करताना मैत्रिणी तिला म्हणाल्या होत्या, ‘तू बेली डान्स कर, तो तुमच्यातलाच ना?’ पोरींच्या मनात वाकडं काही नव्हतं. त्यांनी ‘शोले’तली हेलन पाहिलेली, एवढंच. पण हिनं आम्हाला हळूच विचारलं, ‘मॅडम, तो आपल्या मजहबचा असतो का?’ घरी विचारायची तिला लाज वाटत होती. आणखीही घरांत हा प्रश्न असेल, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट, ‘बेली डान्स’ हे नाव अरबी नाहीच. फ्रेंचांनी त्याला ‘पोटाचा नाच’ म्हटलं आणि 1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनानंतर ते नाव अमेरिकेत पसरलं. इजिप्तमध्ये त्याला ‘रक्स शर्की’ किंवा ‘रक्स बलदी’ म्हणतात. उर्दू जाणणाऱ्या घरात हे शब्द परके नाहीत. शर्की म्हणजे पूर्वेकडचा. बलदी म्हणजे गावातला, आपल्या मातीतला; ‘सूरह बलद’मधला बलद तोच. लग्नघरात बायका बायकांमध्ये नाचतात तो बलदी. आपल्याकडं रतजग्याला गुलगुले तळता तळता ढोलक वाजते, त्याचीच ही लांबची बहीण समजा.

पैसे घेऊन कला दाखवणाऱ्या बायका वेगळ्या. त्यांतल्या ‘अवालिम’ मोठ्या घरांच्या जनानखान्यात गात. हा शब्द ‘इल्म’वरून आला आहे, आपल्या मदरशातली ‘आलिमा’ आणि ही एकाच धातूची! दुसऱ्या ‘गवाझी’, रस्त्यावर आणि जत्रेत नाचणाऱ्या. 1834 मध्ये मुहम्मद अली पाशानं त्यांच्यावर कैरोत बंदी घातली आणि त्यांना दक्षिणेकडं एस्ना वगैरे गावांत धाडलं. नाच थांबला का? नाही. पुरुष बाईचा वेष घेऊन नाचू लागले, आपल्या तमाशातल्या नाच्यासारखे. मण्यांचा, पोट उघडं ठेवणारा जो पोशाख आपण पडद्यावर बघतो, तो विसाव्या शतकात कैरोच्या नाइटक्लबांतून रूढ झाला. 1926 मध्ये बदिया मसाबनी या बाईनं तिथं क्लब काढला. ती शाम मुलखातून आलेली, ख्रिस्ती. तहिया कारिओका आणि सामिया गमाल तिच्याच क्लबातून सिनेमात गेल्या.

मग मुस्लिम समाजात या नाचाला जागा काय? परक्या पुरुषांपुढं बाईनं नाचणं उलेमांनी जायज मानलेलं नाही. निकाहाला डफ वाजवण्याचा उल्लेख मात्र हदीसमध्ये आहे. आणि व्यवहार? कैरोत लग्नाच्या वरातीपुढं नर्तकी लागते, पण तिला सून करून घ्यायला घरं तयार होत नाहीत. हसू नका, आपल्या जिल्ह्यात लावणीला शिट्ट्या मारणारे तरी नाचणारीला कुठं घरी बोलावतात?

लावणीला कोणी हिंदू धर्माचा नाच म्हणत नाही. म्हणूही नये. सगनभाऊंसारखा शिकलगार मुसलमान लावण्या रचत होता. आपल्या संगमनेरचे अनंत फंदी हे ब्राह्मण, आडनाव घोलप. मलिक फंदी नावाच्या फकिराशी दोस्ती झाली म्हणून लोक त्यांनाही फंदी म्हणू लागले, असं सांगतात. पुढं अहिल्यादेवी होळकरांनी समजावलं तेव्हा त्यांनी तमाशा सोडून कीर्तन धरलं, अशीही आख्यायिका आहे. म्हणजे नाच-गाण्याकडं नाक मुरडणं एकट्या मुसलमानांचं नाही आणि त्यात रमणंही नाही.

यातलं बरंचसं आम्ही त्या मुलीला, नंतर सगळ्या वर्गाला सांगितलं. संमेलनात ती नाचली नाही. अनंत फंदींवर पाच मिनिटं बोलली. मलिक फंदीचं नाव तिच्या मैत्रिणींनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.