केळीच्या पानावर पेरू

डिसेंबरात जळगावात थंडी पडली की संध्याकाळच्या वाऱ्यालाच एक वास लागतो. कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ आणि त्यात भाजत पडलेली हिरवी, पांढऱ्या रेघांची, हातभर वांगी. आमच्या गल्लीच्या टोकाला सात-आठ बाकांची एक खानावळ आहे. नवरा चुलीपाशी, बायको वाढायला. तिला सगळी गल्ली मावशी म्हणते. अनोळखी दोघं एका बाकावर बसली तरी जेवण संपेपर्यंत एकमेकांच्या गावची चौकशी झालेली असते.

परवा तिथे बसलो होतो. समोर केळीचं पान. पानावर कळण्याची भाकरी, भरीत, कांद्याची पात, कडेला ठेचा आणि वाटीत शेवभाजी. शेजारी धुळ्याचे एक ट्रकवाले भाऊ होते. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून त्यांनी विचारलं, "तिखं लागनं का भाऊ?"

लागलं होतंच. पण मी पानाकडे टक लावून बघत होतो ते वेगळ्या कारणानं. त्या पानावर मला पेरू दिसत होता. फळ नव्हे, देश! दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा, अँडीजच्या डोंगररांगांतला पेरू. इथून पृथ्वीच्या जवळजवळ पलीकडच्या बाजूला असलेला तो देश आमच्या भरतात कसा काय येऊन बसला?

भरतातला एक शेंगदाणा बाजूला काढा. तळलेला, साल सुटत आलेला. याच्याइतकं चमत्कारिक काही त्या पानावर दुसरं नाही.

भुईमुगाचं फूल जमिनीच्या वर येतं. पिवळं, नाजूक, पहाटे उमललं की दुपारी मान टाकतं. इतर झाडांत पुढे तिथेच फळ धरतं. इथे मात्र फुलाच्या तळाशी एक दांडी वाढायला लागते आणि ती वळते खाली, मातीकडे. शेतकरी तिला आरी म्हणतात. आरीच्या टोकाशी बीज असतं. ती माती टोचून आत शिरते आणि अंधारात, मातीच्या स्पर्शात गेल्यावरच शेंग भरू लागते. उजेडात राहिलेली आरी तशीच वाळून जाते. म्हणजे झाड आपलं बी स्वतःच पेरतं! आऱ्या सुटल्या की आपल्याकडचे शेतकरी पिकावरून रिकामा ड्रम फिरवतात तो एवढ्यासाठीच. आऱ्या मातीला टेकल्या की शेंगा वाढतात.

हे झाड जन्मलं कसं, हे तर त्याहून नवलाचं. दक्षिण बोलिव्हिया आणि उत्तर अर्जेंटिनाच्या भागात दोन रानटी जाती होत्या. दोघींच्या पेशीत वीस-वीस गुणसूत्रं. त्या एरवी एकमेकींपासून दूर वाढणाऱ्या. यातली एक माणसानं, आपल्या वस्तीबरोबर फिरता फिरता, दुसरीच्या शेजारी नेऊन लावली. मधमाशीनं इकडचे पराग तिकडे नेले आणि चाळीस गुणसूत्रांचं नवंच झाड उभं राहिलं. ही गोष्ट साधारण १०,००० वर्षांपूर्वीची. शास्त्रज्ञांनी शेंगदाण्याची जनुकं वाचली तेव्हा त्यातला अर्धा भाग माणसानं नेऊन लावलेल्या त्या रानटी जातीशी जवळजवळ अक्षरन्‌अक्षर जुळला. हजारो वर्षांपूर्वीच्या कुणा बाईच्या ओंजळीतलं बी अजून आपल्या तेलाच्या घाण्यात फिरतंय, असंच म्हणा ना.

पुढे शेंगदाणा पेरूत पोचला. उत्तर पेरूच्या साञा खोऱ्यात जुन्या वस्त्यांच्या मातीत त्याचे ८,००० वर्षांहून जुने अवशेष मिळाले आहेत. आणि १९८७ साली त्याच उत्तर भागात, सिपान या गावाजवळ, पुरातत्त्वज्ञ वॉल्टर अल्वा यांना एक थडगं सापडलं. सतराशे वर्षांपूर्वीच्या मोचे लोकांच्या एका अधिपतीचं. त्याच्या गळ्यात काय होतं? शेंगदाण्याच्या शेंगांची माळ! दहा शेंगा सोन्याच्या, दहा चांदीच्या. शेंगेवरचे खळगे, मधली चिमट, सगळं धातूत उतरवलेलं. सोनं एका खांद्याकडे, चांदी दुसऱ्या खांद्याकडे.

हे वाचलं तेव्हा मला आजीची जोंधळी पोत आठवली. आपल्याकडेही सोनाराला दागिना घडवायचा झाला तर तो दाण्याकडेच बघतो. जोंधळ्याच्या दाण्यासारखी पोत, बोरासारखी बोरमाळ, जवाची जवमाळ. ज्यानं पोट भरतं ते गळ्यात घालावं असं दोन समुद्रांपलीकडच्या दोन माणसांना आपापलंच सुचावं, यात केवढा जिव्हाळा आहे.

आता ठेच्याकडे वळू. माझ्या डोळ्यांत पाणी का आलं?

तिखट ही चवच नाही. गोड, आंबट, खारट, कडू जिभेला कळतात ते वेगळ्या दारांनी. मिरचीतलं कॅप्सेसिन ठोठावतं ते दार भाजल्याची वर्दी देणारं. आपल्या मज्जातंतूंवर एक इवलंसं फाटक असतं, ते एरवी ४३ अंशांच्या आसपास उष्णता पोचली की उघडतं आणि मेंदूला सांगतं, 'भाजतंय!' कॅप्सेसिन येऊन त्याच फाटकाची कडी काढतं. घास कोमट असला तरी मेंदूला वाटतं तोंडात निखारा आहे. म्हणून घाम, म्हणून नाकाडोळ्यांतून पाणी. हे फाटक डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये मिरचीच्याच मदतीनं शोधून काढलं आणि २०२१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. जळगावचा पंचेचाळीस अंशांचा मे महिना आणि मावशीचा ठेचा शरीराच्या एकाच दाराची कडी वाजवतात, हे कळल्यापासून मला दोघांबद्दलही नव्यानं आदर वाटतो.

पण झाडानं हा उद्योग केलाच कशाला? फळ तर खाल्लं जाण्यासाठी असतं! उत्तर आहे पाखरं. उंदीर-घुशी मिरची खाताना बियाही चावून टाकतात. पाखरांना दात नसतात, त्यांच्या पोटातून बी अख्खं बाहेर पडतं आणि दूरवर पडतं. आणि पाखरांच्या फाटकाला कॅप्सेसिनची किल्ली लागतच नाही. आपण 'हाय हाय' करतो ती मिरची पोपट काकडीसारखी खातो. झाडानं पाहुणे निवडून घेतले आहेत. बोलिव्हियातल्या रानमिरच्यांवर केलेल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. किडे फळाला भोक पाडतात, त्यातून बुरशी शिरते आणि बिया कुजतात. तिखट मिरच्यांमध्ये बुरशीला तो जोर राहत नाही. म्हणजे तिखटपणा हे मुळात बियांवरचं औषध. आपण माणसं नको असलेले पाहुणे, आणि नेमके आपणच ती घेऊन जगभर पोचलो.

मिरचीच्या कुळाचा उगम अँडीजच्या पट्ट्यातला. आपण रोज खातो ती जात मेक्सिकोच्या बाजूला माणसाच्या शेतात रुळली आणि पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्यावर उतरली. आपल्याकडे तोवर तिखटाला मिरी होती, पिंपळी होती. नव्या फळाला नाव द्यायचं तर ओळखीच्याच तिखटाचं दिलं, मिरीवरून मिरची. आज नंदुरबारला हंगामात जाऊन बघा. पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत घातलेली असते, नजर जाईल तिथपर्यंत जमीन लाल. पाचशे वर्षांपूर्वी तिथे या झाडाचं एक पानही नव्हतं, हे त्या पथारीवर उभं राहून पटत नाही.

शेवभाजीच्या वाटीवरची लाल तर्री बघा. मिरचीचा रंग आणि तिखट दोन्ही पाण्यात विरघळत नाहीत, तेलात विरघळतात. तेल दोघांना ओढून घेतं आणि वर तरंगतं. म्हणून तिखट लागल्यावर पाणी प्यालो की आग नुसती तोंडभर फिरते, आणि दह्याच्या चमच्यानं ती निवते. मावशीनं मला न विचारता दही वाढलं होतं. तिला हे शास्त्र कुणी शिकवायची गरज नाही.

आणि आता भरीत. यातलं वांगं मात्र आपलं, आशियातलं. आसोदा, भादली, बामणोद या गावांच्या वांग्यांची ख्याती कुणाला सांगायला नको. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकनही आहे. वांगं जाळावर ठेवलं की करपतं फक्त साल. आतला गर स्पंजासारखा, हवेनं आणि पाण्यानं भरलेला, तो स्वतःच्याच वाफेत शिजतो. मग साल काढून लाकडी भांड्यात हिरव्या मिरच्या आणि लसणाबरोबर ठेचायचं.

वांग्याचं फूल कधी निरखून पाहिलंत? पाच टोकांची चांदणी, मध्ये पिवळ्या केसरांचा झुबका. बटाट्याचं फूल तसंच. टोमॅटोचं तसंच. मिरचीचंही त्याच वळणाचं. ही सगळी सख्खी-चुलत भावंडं, एकाच कुळातली! दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, अर्जेंटिनाच्या पातागोनियात, या कुळातल्या एका फळाचा जीवाश्म सापडला आहे. कागदी कंदिलासारखं आवरण असलेलं इवलं फळ, ५ कोटी २० लाख वर्षांपूर्वीचं. तेव्हा माणूस तर नव्हताच, आणि दक्षिण अमेरिका अजून अंटार्क्टिकाशी जोडलेली होती. या कुळाची एक शाखा फिरत फिरत जुन्या जगात पोचली, तिच्यातून वांगं झालं. दुसरी तिकडेच राहिली, तिच्यातून मिरची झाली. मध्ये महासागर. कोट्यवधी वर्षांची ताटातूट. आणि मग एका संध्याकाळी, जळगावच्या गल्लीत, मुसळीच्या एका घावात दोघं पुन्हा एक होतात. मला तरी यापेक्षा मोठं पुनर्मीलन ठाऊक नाही.

मग पेरूतली माणसं जेवतात कशी? दक्षिण पेरूत अरेकिपा नावाचं शहर आहे. तिथे गल्लीबोळात 'पिकान्तेरिया' असतात. पिकान्ते म्हणजे तिखट, तेव्हा नाव झालं तिखटाचं घर. चालवतात बहुतेक बायकाच, आईकडून मुलीकडे आलेल्या. लांब बाकांवर अनोळखी माणसं शेजारी शेजारी बसतात. मसाला वाटायला 'बातान' असतो, खाली सपाट दगड आणि वर हातानं डोलवायचा दुसरा दगड. पाटा-वरवंट्याचा सख्खा भाऊच. आणि तिथला मानाचा पदार्थ आहे काळ्या बियांच्या झणझणीत रोकोतो मिरचीत सारण भरून भाजलेला. भरली मिरची, दुसरं काय! २०१४ मध्ये पेरूनं या खानावळींना राष्ट्राचा सांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर केलं. मावशीच्या चुलीकडे बघताना मला ती गोष्ट फार बरोबर वाटली.

साठवणीची हुशारीही बघा. आपल्याकडे वैशाखात गच्चीवर ओल्या कापडावर ज्वारीचे बिबडे घालतात आणि ते उन्हात कडकडीत वाळतात. अँडीजच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरच्या आसपास, बटाटे रात्री उघड्यावर पसरतात. थंडीनं ते गोठतात. दिवसा उन्हात मऊ पडले की पायांनी तुडवून पाणी काढतात. असं काही दिवस केलं की दगडासारखा टणक पण हलका 'चुन्यो' तयार. तो वर्षानुवर्षं टिकतो. आपल्या मुलखाचं जे हवामान सगळ्यात जाचक, त्यालाच कामाला लावायचं. आपण ऊन लावलं, त्यांनी गारठा.

आणि हे सगळं ज्याच्यावर वाढलं होतं ते पान? ते उलट्या दिशेनं गेलं. केळ न्यू गिनी आणि आग्नेय आशियाच्या बाजूचं. १५१६ मध्ये तोमास दे बेर्लांगा नावाच्या धर्मगुरूनं ती कॅनरी बेटांवरून कॅरिबियनमध्ये नेली असं सांगतात. पुढे १५३५ मध्ये, बिशप झाल्यावर, हाच माणूस पेरूला निघाला, वारा पडला, जहाज वाहवत गेलं आणि पोचलं थेट गॅलापागोस बेटांवर! आज पेरूच्या उत्तरेला पियुरा भागात केळीच्या बागा आहेत आणि तिथली केळी जहाजांनी परदेशी जाते. कॅव्हेंडिश गटाची. आपल्या रावेर-यावलची जी-नाइन त्याच गटाची. या केळीला बी नसतं, मुनव्यापासून मुनवा वाढतो, तेव्हा तिथलं झाड आणि इथलं झाड मुळात एकाच झाडाची पिलं. पियुराच्या शेतकऱ्याला चिनावलच्या बागेत आणून उभं केलं तर त्याला घरीच आल्यासारखं वाटेल.

यातलं बरंचसं मी शेजारच्या भाऊंना सांगत सुटलो होतो. त्यांनी भरतातला एक शेंगदाणा चिमटीत धरला, दिव्याकडे करून निरखला आणि तोंडात टाकला. मग भाकरीचा तुकडा वर करून विचारलं, "आनि हाई?"

यात उडीद आपला, म्हटलं. पण ज्वारी हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आलेली, सुदानच्या बाजूनं.

ते क्षणभर भाकरीकडे बघत राहिले. मग चुलीच्या दिशेनं वळून म्हणाले, "माय, आखो एक भाकर दे वं."