नाव भावाचं, पैसा माझा: कोर्ट मालक कसा ठरवतं?

आजचा विषय कायद्याचा आहे, पण सुरुवात एका हवालदारापासून करतो. त्याच्या गोष्टीत माझीही चूक आहे, तीही सांगणार आहे.

१९९३ साल. मी कंपनी कमांडर होतो. आमचा हा हवालदार दर महिन्याला गावी थोरल्या भावाला मनिऑर्डर करायचा. एक दिवस भावाचं पत्र आलं, 'शेजारची दोन एकर विकायला निघाली आहे, साठवलेले पैसे आहेत, ये आणि खरेदी करून घे.' त्यानं चार दिवसांची सुट्टी मागितली. कंपनी तेव्हा अशा जागी होती की एकेक माणूस मोजून ठेवावा लागायचा. मी सुट्टी नाकारली. खरेदीखत भावाच्या नावावर झालं. "घरातच तर राहतंय, साहेब," असं म्हणून तो ड्युटीवर गेला.

दोन वर्षांनी भाऊ म्हणाला, "जमीन माझ्या नावावर आहे, तुझा काय संबंध?" हवालदार माझ्याकडे आला. मी त्याला ठामपणे सांगितलं, "पैसे तू पाठवलेस हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. ज्याचा पैसा त्याची जमीन. सख्ख्या भावाशी कोर्टकज्जा कशाला? समजुतीनं घे."

पुढे पेन्शनवर गेल्यावर त्यानं दावा लावला आणि तो हरला. कित्येक वर्षांनी निकालाची प्रत घेऊन तो माझ्याकडे आला, तेव्हा मी ती ओळ न् ओळ वाचली. मी वकील नाही. पण ती प्रत वाचल्यावर या विषयातलं मिळेल ते वाचत गेलो. जे समजलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी दोन शब्द समजून घेऊ. मालमत्तेला दोन प्रकारचे धनी असू शकतात. एक कागदावरचा, म्हणजे ज्याच्या नावानं खरेदीखत आहे तो. दुसरा लाभाचा, म्हणजे ज्याच्यासाठी ती मालमत्ता आहे तो. दोघं वेगळे असतील आणि पहिल्यानं दुसऱ्यासाठी ती सांभाळायची असं ठरलेलं असेल, तर पहिला विश्वस्त आणि दुसरा लाभार्थी. यालाच ट्रस्ट म्हणतात. ट्रस्ट म्हटलं की आपल्याला देवस्थान किंवा शाळा आठवते. पण काकानं अज्ञान पुतण्यासाठी सांभाळलेलं घर हाही ट्रस्ट असू शकतो. खाजगी ट्रस्टसाठी आपल्याकडे १८८२ चा भारतीय न्यास कायदा आहे.

आता इतिहास थोडक्यात. इंग्लंडमध्ये बापानं मुलाच्या नावावर मालमत्ता घेतली, तर ती मुलाला भेट दिली असं सुरुवातीला गृहीत धरत. आपल्याकडे मात्र दुसऱ्याच्या नावावर खरेदी करायची, म्हणजे बेनामीची, रीत जुनी. म्हणून १८५४ मध्ये गोपीकृष्ण गोसाईं यांच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलनं ठरवलं की हिंदुस्थानात इंग्लंडचं ते गृहीतक लावायचं नाही. पैसा बापाचा असेल तर मालकीही बापाकडेच, असं आधी धरायचं. न्यास कायद्याच्या कलम ८२ मध्येही हाच विचार आला: पैसे देणाऱ्याचा हेतू भेट देण्याचा नसेल, तर नाव लागलेल्या माणसानं मालमत्ता पैसे देणाऱ्याच्या फायद्यासाठी धरून ठेवायची.

म्हणजे मी हवालदाराला जे सांगितलं, ते अगदीच हवेतलं नव्हतं. फक्त ते कालबाह्य होतं. का, ते पुढे येईलच.

मुळात कोर्ट ठरवतं कसं? सुरुवात कागदापासून होते. ज्याचं नाव खरेदीखतावर, तोच मालक असं धरून चालतात. "तो नाही, मी मालक," असं म्हणणाऱ्यानंच ते सिद्ध करायचं. संशय, तर्क, गावातली कुजबुज यांनी भागत नाही. जयदयाल पोद्दार विरुद्ध बीबी हाजरा या १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सहा कसोट्या मांडल्या. आजही या विषयावरच्या निकालांत त्यांचा आधार घेतला जातो. त्या हवालदाराच्या खटल्याला लावून बघू.

पहिली, खरेदीचा पैसा कुठून आला? पैसा हवालदाराचा होता. पण मनिऑर्डरच्या पावत्या बदल्यांच्या धावपळीत गेल्या. शिवाय घरखर्चाला पाठवलेले किती आणि जमिनीसाठी किती, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

दुसरी, खरेदीनंतर ताबा कोणाचा? कसत होता भाऊ.

तिसरी, दुसऱ्याचं नाव लावायचं कारण काय? कारण होतं, सुट्टी मिळाली नाही. हे सांगू शकणारा साक्षीदार मी होतो. मला कोणी बोलावलं नाही, आणि मीही आपणहून पुढे झालो नाही.

चौथी, दोघांचं नातं आणि परिस्थिती. सख्खे भाऊ. हे दोन्ही बाजूंनी बोलतं. भावासाठी भाऊ जमीन सांभाळतो, तसाच भाऊ भावाला पैसे देऊनही टाकतो.

पाचवी, मूळ कागद कोणाकडे? भावाच्या ट्रंकेत.

सहावी, नंतर मालकासारखं कोण वागलं? भावानं त्या जमिनीवर पीककर्ज काढलं, सारा भरला. आमचा माणूस सरहद्दीवर होता.

या सहा कसोट्यांचं वजन ठरलेलं नाही, प्रत्येक खटल्यात ते वेगळं पडतं. पैसा कोणाचा ही कसोटी मोठी आहे, पण एकट्या तिच्यावर निकाल लागत नाही. आणि बाकीच्या पाचांत दूर नोकरी करणारा माणूस जवळजवळ नेहमीच कमी पडतो. फौजी असो, रेल्वेतला असो की आखातात गेलेला असो.

सातबाऱ्याचाही एक गैरसमज काढून टाकू. महाराष्ट्रात सातबारा, मध्य प्रदेशात खसरा-खतौनी, कर्नाटकात पहाणी, तामिळनाडूत पट्टा. नावं वेगळी, पण या मुख्यतः महसुलाच्या नोंदी आहेत. ताब्याच्या पुराव्याला त्यांचा उपयोग होतो. केवळ नोंद लागली म्हणून मालकी मिळत नाही आणि नोंद नाही म्हणून जातही नाही.

आता येतो तो मुद्दा, ज्यानं माझा सल्ला खोटा पाडला. १९८८ मध्ये बेनामी व्यवहारांना मनाई करणारा कायदा आला. त्यानं न्यास कायद्याचं कलम ८२ रद्द केलं. आणि त्याच्या कलम ४ नं सांगितलं की बेनामी मालमत्तेवर खरा मालक म्हणून हक्क सांगणारा दावा चालणार नाही, तसा बचावही घेता येणार नाही. हे कलम १९ मे १९८८ पासून लागू झालं. त्याआधीच दाखल असलेल्या दाव्यांना ते लावू नये, असं १९९५ मध्ये राजगोपाल रेड्डी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी स्पष्ट केलं. पण आमच्या हवालदाराची खरेदीच १९९३ ची.

यातली मेख नीट बघा. तो जितक्या जोरानं सिद्ध करणार की 'पैसा सगळा माझा, भावाचं फक्त नाव,' तितका त्याचा व्यवहार बेनामी ठरणार, आणि तितकंच दाव्याचं दार बंद होणार. पुरावा कमी पडला तरी हार, पुरावा पुरला तरी हार. म्हणजे कोर्टापुढे प्रश्न दोन असतात. खरा धनी कोण? आणि तो धनी असला तरी त्याला दाद मागता येते का?

दुसऱ्या प्रश्नाला काही वाटा आहेत. मूळ कायद्यातच दोन होत्या. एकत्र हिंदू कुटुंबाच्या सहदायादाच्या नावावर सर्वांच्या फायद्यासाठी घेतलेली मालमत्ता ही एक. विश्वस्तानं, किंवा विश्वासाच्या नात्यानं बांधलेल्या माणसानं, दुसऱ्यासाठी धरलेली मालमत्ता ही दुसरी. हवालदाराच्या वकिलानं हीच दुसरी वाट धरली. कोर्टानं विचारलं, विश्वासाचं नातं दाखवणारं काय आहे? एक पत्र तरी? भावाचं ते पत्र बदल्यांमध्येच हरवलं होतं.

या वाटेनं जिंकलेलेही आहेत. कर्नाटकातून आलेल्या मार्सेल मार्टिन्स खटल्यात आई नगरपालिकेच्या घरात भाडेकरू होती. तिच्या मागे मुलाचं नाव लागलं, आणि पुढे खरेदीही त्याच्याच नावावर झाली. पण पैसे घरातल्या इतरांनीही घातले होते, आणि भाडेकरूचा हक्क आईकडून सगळ्यांकडे आला होता. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की मुलगा इथे विश्वासाच्या नात्यानं सर्वांसाठी मालमत्ता धरून आहे, म्हणून कलम ४ आड येत नाही. फरक पुराव्याचा आणि परिस्थितीचा. नुसतं 'भाऊ आहे' म्हणून कोणी विश्वस्त होत नाही.

२०१६ च्या दुरुस्तीनं, म्हणजे १ नोव्हेंबर २०१६ पासून, कायदा आणखी कडक झाला. बेनामी मालमत्ता सरकारजमा होऊ शकते. एक ते सात वर्षांची सक्तमजुरी आणि बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र घरगुती व्यवहारांना सूट आहे. जाहीर, हिशेबातल्या उत्पन्नातून पती, पत्नी किंवा मुलांच्या नावावर घेतलेली मालमत्ता बेनामी नाही. भाऊ, बहीण, आई-वडील यांच्यासाठीही सूट आहे, पण अट अशी की कागदावर पैसे देणाऱ्याचंही नाव सहमालक म्हणून हवं. बायकोच्या नावावर घर घेतलेल्यांनीही लक्षात ठेवा: व्यवहार बेनामी नसला म्हणजे घर आपोआप तुमचं होत नाही. वाद झालाच, तर खरा मालक मीच हे सिद्ध करण्याचा भार तुमच्यावरच राहतो.

आणि खरोखरच ट्रस्ट करायचा असेल तर? स्थावर मालमत्तेचा खाजगी ट्रस्ट तोंडी होत नाही. न्यास कायद्याच्या कलम ५ नुसार तो लेखी, सहीचा आणि नोंदणी केलेला हवा, किंवा मृत्युपत्रानं केलेला हवा. हेतू काय, लाभार्थी कोण, मालमत्ता कोणती, हे स्पष्ट हवं. असा कागद असला की लाभार्थ्याचा हात बळकट होतो. विश्वस्ताकडून ट्रस्टची मालमत्ता परत मिळवण्याच्या दाव्याला मुदत कायद्याच्या कलम १० नुसार मुदतीची आडकाठीही येत नाही.

गावापासून दूर राहणाऱ्यांना माझं सांगणं साधं आहे. खरेदीला जाता येत नसेल तर रीतसर साक्षांकित केलेलं मुखत्यारपत्र द्या. सही भाऊ करील, पण खरेदीखतावर नाव तुमचं लागेल. तेही जमत नसेल तर निदान दोघांचं नाव लावा. पैसे बँकेतून पाठवा आणि कशासाठी पाठवले ते लिहा. मूळ खत किंवा त्याची प्रमाणित प्रत स्वतःजवळ ठेवा. पत्रं आणि मोबाइलवरचे संदेश जपा. वाद उभा राहिला तर महिनाभरात दिवाणी वकिलाला भेटा. यात भावावर अविश्वास नाही. भाऊ उद्या नसला तर त्याच्या मुलांना खरं काय ते कागदावरून कळावं, एवढंच.

निकालाची ती प्रत परत देताना मी हवालदाराला म्हणालो, "ती चार दिवसांची सुट्टी द्यायला हवी होती." तो म्हणाला, "साहेब, सुट्टीचं राहू द्या. मुखत्यारपत्राचं तेव्हा कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं."

म्हणून हे सांगतो आहे. तुमच्या घरातला कोणी दूर नोकरीला असेल, तर त्याला हा भाग आजच पाठवा.

जय हिंद.