अठ्ठावीस वर्षे पडून राहिलेली तबकडी



भूप राग आपल्यापैकी पुष्कळांच्या परिचयाचा असेल. सा रे ग प ध, एवढे पाचच स्वर. मध्यम आणि निषाद वर्ज्य. (नावावरून पहाटेची भूपाळी आठवते खरी, पण राग गावयाचा तो रात्रीच्या पहिल्या प्रहरी. शिक्षक मंडळींना हे मी सांगावयास नको.) आता हाच भूप विजेच्या यंत्रावर आणि वर डिस्कोच्या ठोक्यावर वाजविला, तर? आपण कानांवर हात ठेवाल. १९८२ साली लोकांनी जवळजवळ तेच केले.

त्या साली मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी एच. एम. व्ही.साठी एक तबकडी काढली. नाव लांबलचक : 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'. भैरवी, ललत, भूप, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी असे दहा राग. प्रत्येक साधारण पाच मिनिटांचा. चरणजित सिंग हे काही नवशिके नव्हते. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत त्यांनी वर्षानुवर्षे गिटार आणि विजेची वाद्ये वाजविली होती, लग्नसमारंभांतही ते वाजवीत. १९८० च्या 'कुर्बानी'नंतर डिस्कोचे वारे जोरात होते, तेव्हा हा प्रयोग त्यांना सुचला. पण तबकडी खपली नाही. माझ्या मते कारण साधे आहे. राग ऐकणाऱ्याला तो ठोका नको होता आणि नाचणाऱ्याला गाणे हवे होते. ही तबकडी दोघांचीही नव्हती.

आता यंत्रांविषयी थोडे. ती तीन होती, तिन्ही जपानच्या रोलँड कंपनीची. ज्युपिटर-८ वर चरणजित सिंग हाताने रागाचे स्वर वाजवीत. टीआर-८०८ ठेका धरी. तिसरे टीबी-३०३, आणि खरी गंमत ह्या लहानशा पेटीत आहे. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला खर्जाची साथ मिळावी, म्हणून ती बनविलेली. तिच्यात सोळा घरे असतात. कोणत्या घरात कोणता स्वर, हे आधी भरून ठेवावयाचे. मग पेटी तेच आवर्तन न थकता फिरवीत राहते. सोळा म्हटल्यावर तीनताल आठवेल. परंतु येथे टाळी-खाली नाही, चार सारखे ठोके आणि प्रत्येकाचे चार भाग, बस्स. शिवाय एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय तिच्यात आहे. आपण जिला मींड म्हणतो, तिची ही यांत्रिक धाकटी बहीणच समजा ना!

गिटारवाल्यांना ही पेटी पसंत पडली नाही. १९८४ च्या सुमारास कंपनीने ती बनविणेच बंद केले आणि जुन्या पेट्या मातीमोल विकल्या जाऊ लागल्या. अमेरिकेत शिकागो शहरी काही तरुणांच्या हाती अशी एक पेटी आली. तिची बटणे फिरविली की आवाज तोंड उघडल्या-मिटल्यासारखा पसरतो आणि आवळतो. ते हेच करीत बसले. त्यातून 'फ्यूचर' ह्या त्रयीची 'अॅसिड ट्रॅक्स' ही तबकडी १९८७ साली निघाली आणि 'अॅसिड हाउस' नावाचा नृत्यसंगीताचा पंथ उभा राहिला. म्हणजे पाहा, जी पेटी टाकाऊ ठरली होती, तिलाही आपला श्रोता उशिराच भेटला.

पुढे २००२ साली एडो बाउमन नावाच्या डच संग्राहकाला दिल्लीच्या एका दुकानात चरणजित सिंगांची तबकडी सापडली. ऐकतो तो काय, शिकागोचा वाटणारा आवाज, आणि साल १९८२! त्यांनी मुंबईत येऊन वादकाची गाठ घेतली, आणि २०१० साली 'बॉम्बे कनेक्शन' ह्या आपल्या कंपनीतर्फे ती पुन्हा प्रसिद्ध केली. तेव्हा कित्येकांना ती कोणा खोडकराची बनावट वाटली.

मग आपल्याकडे काहीजण छाती फुगवून म्हणू लागले, अॅसिड हाउस आम्हीच शोधले! हे काही मला पटत नाही. शिकागोच्या मुलांनी ती तबकडी ऐकली होती असा पुरावा नाही. मग साम्य आले कोठून? पाश्चात्त्य गाण्यात खालची स्वरसंगती घडोघडी बदलते. रागात षड्ज हलत नाही. तंबोरा एकच गोष्ट सांगत राहतो. चरणजित सिंगांनी खर्ज एका जागी फिरत ठेवला, तो राग तसे मागतो म्हणून. शिकागोकरांनी ठेवला, तो पेटीच्या आवाजाशी खेळावयाचे होते म्हणून. वाटा दोन, मुक्काम शेजारी.

सत्तरी ओलांडल्यावर चरणजित सिंगांनी युरोपात जाऊन हेच राग तरुण श्रोत्यांपुढे वाजविले. ५ जुलै २०१५ रोजी मुंबईत ते निवर्तले.

पुण्यात माझ्या वर्गात मी मागे ही तबकडी लावली होती. एक विद्यार्थी म्हणाला, "सर, हे कालचंच वाटतं." संगीत जाणणारे माझे एक सहकारी दाराशी उभे होते. ते मात्र कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "अहो, ह्यांनी भैरवीनं सुरुवात केली!" खरेच आहे. मैफिलीत जी शेवटी यावयाची, ती येथे पहिलीच आहे. तेव्हापासून मी दुसऱ्या रागापासून सुरू करतो आणि भैरवी शेवटी लावतो.