डोंगरावरचं जुनं हॉटेल आपल्याला का ओढतं?



आपला शिरोळ तालुका म्हणजे सपाट मुलूख. कृष्णा-पंचगंगेचा काठ, ऊस, आणि पावसाळ्यात पुराची धास्ती. डोंगराची हवा खायची तर आपण पन्हाळा गाठतो. तरी आज मी माथेरानच्या एका जुन्या हॉटेलाबद्दल बोलणार आहे. खोली, जेवण, अंथरूण सगळीकडे मिळतं. मग माणूस जुन्याच वास्तूकडे का ओढला जातो, हा मला तत्त्वज्ञानाचा प्रश्न वाटतो.

१८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानचा डोंगर चढून गेला. पाठोपाठ साहेबलोकांचे बंगले उठले. त्यांपैकी बार हाउसचं पुढे नीमराणा समूहाने हॉटेल केलं, ‘व्हरांडा इन द फॉरेस्ट’. नावातच मर्म आहे बघा. व्हरांडा म्हणजे धड घर नाही, धड रान नाही. तिथे बसलेल्या माणसाकडून कुणी काही अपेक्षा करत नाही. आपल्या घराचा सोपाही तसाच असतो, फक्त तिथे बसलं की कुणीतरी येऊन काम काढतंच! (हशा)

स्वित्झर्लंडमधल्या झिल्स मारिया गावात नीत्शे अनेक उन्हाळे भाड्याच्या साध्या खोलीत राहिला. त्याच गावात १९०८ साली वाल्डहाउस हे मोठं हॉटेल उघडलं. भांडवली समाजाची आयुष्यभर चिकित्सा करणारा अडोर्नो तिथे पुन्हा पुन्हा जाऊन राहायचा. त्याला मी ढोंगी म्हणणार नाही. विचाराला सवड लागते. पण ती सवड कुणाच्या जिवावर मिळते, हे विचारायलाच हवं.

माथेरानला मोटारींना बंदी. नेरळहून १९०७ सालापासून दोन फुटी रुळांवरची छोटी गाडी आहे. मोटारीने आलात तर दस्तुरी नाक्यावर उतरायचं. पुढे पायी, घोड्यावर, नाहीतर हातरिक्षा. मोटार नाही म्हणून शांतता, आणि मोटार नाही म्हणूनच माणसाला माणूस ओढणार! ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. तिथे ई-रिक्षा याव्यात, आणि त्या ओढणाऱ्यांच्याच हाती असाव्यात, असा त्यामागचा विचार. त्याने जुन्या हॉटेलांची मोहिनी उणावेल असं मला वाटत नाही. व्हरांड्याला झाडी लागते, दुसऱ्याची धाप लागत नाही.

मी स्वतः तरुणपणी आईला हातरिक्षात बसवून नेलंय. पुढे एक ओढणारा, मागे दोघे रेटणारे, लाल माती, चढ. वर पोचल्यावर घेतलेला चहा मला अजून आठवतो. त्या तिघांपैकी एकाचंही नाव मी विचारलं नव्हतं.