गाजराची बासरी, काकडीचा कर्णा

मोझार्ट आणि बीथोव्हन हे थोर संगीतकार ज्या शहरात राहिले, त्या ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नामध्ये एक भन्नाट वाद्यवृंद आहे. त्याचं नाव भाजी ऑर्केस्ट्रा! कार्यक्रमाच्या दिवशी ही मंडळी वाद्यं आणायला जातात ती थेट मंडईत. गाजरं जाड आणि सरळ हवीत, काकड्या करकरीत हव्यात, भोपळ्यावर टकटक केलं की तो छान घुमला पाहिजे. १९९८ सालापासून त्यांचं हे असंच चाललंय.

पिशव्या भरून आल्या की सुऱ्या आणि ड्रिल मशीन बाहेर निघतं. हो, भिंतीला भोक पाडायचं तेच! गाजर आतून कोरायचं, तोंडाशी खाच घ्यायची, अंगावर बोटांसाठी भोकं पाडायची, झाली बासरी. पोकळ काकडीच्या एका टोकाला फुंकायला गाजराचा तुकडा बसवतात आणि दुसऱ्या टोकाला ढोबळी मिरची. मिरचीचं ते रुंद तोंड म्हणजे सनईचा कर्णाच जणू. भोपळ्याचा ढोल होतो, चिरलेलं वांगं टाळ्या वाजवतं, आणि कांद्याची सुकी सालं माइकजवळ चुरगळली की मस्त सळसळ ऐकू येते. माइक लागतोच बरं का, कारण भाज्यांचा आवाज तसा नाजूक.

मला सगळ्यात आवडतं ते लीकचं व्हायोलिन. लीक ही कांद्याच्याच कुळातली, लांब दांड्याची भाजी. एक लीक खांद्याशी धरायची आणि दुसरी तिच्यावर घासायची. दोन्हींचे पृष्ठभाग एकमेकांना क्षणभर चिकटतात, ओढ वाढली की सटकतात, लगेच पुन्हा चिकटतात. चिकट-सटक, चिकट-सटक, हे सेकंदाला शेकडो वेळा! त्या थरथरीचा आपल्याला आवाज ऐकू येतो. खऱ्या व्हायोलिनचा राळ लावलेला गज तारेवर अगदी हेच करतो.

आता बासरीकडे या. गाजर गातं कसं? गाजर गातच नाही. गाते ती त्याच्या पोटातली हवा. दोन्ही तोंडं उघडी असलेली १७ सेंटिमीटरची नळी घेतली, तर तिच्यातली हवा सेकंदाला साधारण १००० वेळा थरथरते. नळी दुप्पट लांब केली की ५००, म्हणजे सूर खाली. नळी बांबूची आहे, चांदीची की गाजराची, याने सुराच्या उंचीत फारसा फरक पडत नाही. म्हणून तर भाजीवाल्याकडची बासरीसुद्धा सुरात वाजू शकते.

पण तिचं आयुष्य एका संध्याकाळचं. ताज्या गाजरात १०० पैकी सुमारे ८८ भाग पाणी असतं. ते उडायला लागलं की गाजर सुरकुततं, भोकांचा आकार बदलतो आणि सूर भरकटतो. म्हणून प्रत्येक कार्यक्रमासाठी सगळी वाद्यं नवी, आणि ती करायला काही तास जातात. कोरताना उरलेल्या भाजीचं काय? तिचं गरमागरम सूप करतात आणि कार्यक्रम संपला की श्रोत्यांना प्यायला देतात!

खाण्याच्या वस्तूंशी आपल्या संगीताचंही जुनं नातं आहे. मिरजेला तंबोरे बनतात, त्यांचा भोपळा पंढरपूरच्या बाजूच्या शेतांतून येतो. तो मात्र कडकडीत वाळवलेला असतो, म्हणून वर्षानुवर्षं टिकतो. नुसत्या तारेचा आवाज किती बारीक! भोपळा तिच्याबरोबर थरथरतो तेव्हा कुठे तो खोलीभर घुमतो. आणि कीर्तनात पखवाज नीट पाहिलात, तर डाव्या पुडीवर चक्क भिजवलेली कणीक थापलेली दिसेल. कणकेच्या वजनाने कातडं सावकाश हलतं आणि घुमारदार खर्ज निघतो. वादन संपलं की कणीक खरवडून काढायची, पुढच्या वेळी ताजी लावायची. व्हिएन्नाच्या गाजरासारखीच तीही दरवेळी नवी.

तुम्हालाही हे करून बघता येईल. पपईच्या पानाचा देठ आतून आपोआपच पोकळ असतो. मोठ्या माणसांकडून त्याचे दोन तुकडे कापून घ्या, एक लांब, एक आखूड. चीक स्वच्छ धुऊन टाका. खालचं टोक बोटाने बंद करा आणि बाटलीच्या तोंडावर फुंकतो तसं वरच्या तोंडावर आडवं फुंका. कुठला तुकडा खालचा सूर देतो? मग खालचं बोट काढा आणि पुन्हा फुंका. सूर कुठे पळाला, आणि का?