‘नवी’ आणि ‘जुनी’ यांचे कुलवृत्त

पवना आणि मुळा यांच्या संगमालगत वसलेली सांगवी आज जुनी सांगवी आणि नवी सांगवी अशा दोन नावांनी ओळखली जाते. आणि रोज हजारो लोकांच्या तोंडी असणाऱ्या या दोन साध्या विशेषणांचा माग काढू लागले, तर एकाची वंशावळ ऋग्वेदापर्यंत जाते व दुसऱ्याचा भाऊबंद थेट अनातोलियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पठारावर, आढळतो.

‘जुना’ हा शब्द ‘जीर्ण’पासून आला असे आपण सहज म्हणून जातो, परंतु ध्वनिपरिवर्तनाचे नियम ही जबानी मान्य करीत नाहीत. ‘कर्ण’चा ‘कान’, ‘पर्ण’चे ‘पान’, ‘चूर्ण’चा ‘चुना’, असा संस्कृत ‘र्ण’चा प्राकृतात ‘ण्ण’ आणि मराठीत ‘न’ होण्याचा क्रम चोख आहे, आणि त्या क्रमाने ‘जीर्ण’चा ‘जिना’ व्हावयास हवा होता. बाराव्या शतकातील हेमचंद्राला ही अडचण दिसली होती. म्हणूनच त्याने आपल्या प्राकृत व्याकरणात ‘जीर्ण’मधील ‘ई’चा ‘उ’ करणारा नियम मुद्दाम नमूद केला. मात्र ऋग्वेदात त्याच ‘जॄ’ धातूचे ‘जूर्ण’ असे दुसरे रूप दाखल आहे, आणि ते गृहीत धरले की ‘जूर्ण, जुण्ण, जुना’ ही परंपरा एकाही अपवादावाचून जुळते. अभिजात संस्कृतात मागे पडलेले रूप घरोघरच्या मराठीने जतन करावे, ही गोष्ट मला एखाद्या ताम्रपटाइतकी मोलाची वाटते.

‘नवा’ची हकीकत याहून पुरातन आहे. संस्कृत ‘नव’, ग्रीक ‘नेओस’, लॅटिन ‘नोवुस’ आणि फारसी ‘नौ’ ही एकाच कुळातली भावंडे, हे पूर्वीच ठरले होते. पुढे अनातोलियातील बोगाझकोय येथे १९०६ पासूनच्या उत्खननात निघालेल्या कीलाक्षरी मृत्फलकांची हित्ती भाषा इंडो-युरोपीय आहे, असे १९१५ साली चेक पंडित बेद्रिख ह्रोझ्नी यांनी सिद्ध केले, आणि त्या फलकांवरचे ‘नेवस’, म्हणजे नवा, हे विशेषणही साक्षीला उभे राहिले. हित्ती ज्या शाखेत मोडते ती अनातोलियन शाखा मूळ कुळातून सर्वांच्या आधी विभक्त झाली, असे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. त्यामुळे तिच्याजवळही जो शब्द निघतो तो अगदी तळच्या थरातला समजावा लागतो.

या ‘नेव’चे मूळ कोणते? ‘आता’ या अर्थाचे ‘नु’ हे अव्यय संस्कृतात आहे, आणि हित्तीत तेच ‘नु’ वाक्ये जोडण्यासाठी येते. गुण होऊन ‘उ’चा ‘अव’ होतो हे ज्यांना आपल्या व्याकरणामुळे ठाऊक आहे, त्यांना ‘नु’पासून ‘नव’, अर्थात ‘आत्ताचा’, ही अनेक विद्वानांना पटलेली उपपत्ती सहज उमगेल. हित्तीतील ‘करू’, म्हणजे पूर्वी, यापासून ‘करुइली’, म्हणजे पूर्वीचा, हे विशेषण झाले, आणि तेथील लेखांत आद्यकालीन देवांना ते लावलेले आढळते. आपला ‘जुना’ मुळात झिजलेला, तर हित्तींचा केवळ पूर्वीचा. सांगवीच्या नावात आज आपल्याला अभिप्रेत असतो तो अर्थ, खरे पाहता, हित्तींच्या शब्दाला अधिक जवळचा आहे.

एक शंका मात्र उरते. आपल्या ग्रामनामांत ‘बुद्रुक’ आणि ‘खुर्द’ ही फारसी विशेषणे जशी दप्तरांतून शिरली, तसा ‘नेवस’ हा शब्द हित्तींनी शेजाऱ्यांकडून उसना घेतला नसेल कशावरून? शेजारच्या मितान्नी राज्यात आर्यभाषी मंडळी होती, आणि मितान्नीच्या किक्कुली नामक अश्वशिक्षकाच्या हित्ती ग्रंथात ‘ऐकवर्तन्न’, ‘पंझवर्तन्न’ असे उघड आर्य शब्द आलेले आहेत. निकाल लागतो तो एका स्वरावर. ‘पाच’ या अर्थाच्या ग्रीक ‘पेंते’मध्ये टिकलेल्या मूळ ‘ए’च्या जागी त्याच अर्थाच्या ‘पंझ’मध्ये ‘अ’ आहे; म्हणजे मितान्नीच्या आर्य बोलीत हा ‘ए’ तोवर लोपलेला होता, आणि तिच्याकडून घेतलेला शब्द ‘नव’ असाच उमटला असता. फलकांवर कोरलेला ‘ने’ हा हित्तींचा घरचा वारसा आहे.