सात कळ्या आणि दोन मिलिमीटर

इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड १९०१ ते १९१० या काळात गादीवर होता. त्याच्या कारकिर्दीतल्या इंग्रज स्त्रियांची छायाचित्रे पाहिली तर एक गोष्ट लगेच नजरेत भरते. कंबर अगदी बारीक, नितंबांवर स्कर्ट चापूनचोपून बसलेला आणि गुडघ्याखाली तो कर्ण्याच्या तोंडासारखा फाकलेला. कमरेला चुण्या जवळजवळ नाहीतच. मग खालच्या घेराचे साडेतीन मीटर कापड वर जाते कुठे?

हे कोडे हाताने सोडवावे म्हणून आम्ही त्या काळचा एक स्कर्ट साच्यावरून शिवून पाहिला. पहिल्या खेपेला तो कमरेत बसला नाही. का बसला नाही, हे शोधताना शाळेतली बरीच भूमिती पुन्हा भेटली.

समजा कंबर ६० सें.मी., घेर ३५० सें.मी. आणि उंची १०५ सें.मी. आहे. ढोबळ मानाने हा टोक कापलेला शंकू झाला. शंकू उलगडला की वर्तुळाची पाकळी मिळते. तिचा कोन काढणे सोपे आहे: घेरातून कंबर वजा करा, उंचीने भागा आणि ५७.३ ने गुणा. उत्तर सुमारे १५८ अंश, म्हणजे अर्ध्या वर्तुळापेक्षा थोडे कमी. हा तुकडा अखंड कापायचा तर जवळजवळ अडीच मीटर पन्ह्याचे कापड हवे. ते मिळाले तरी अडचण संपत नाही. पाकळीचा मधला भाग उभ्या धाग्यावर येतो, कडेचा जवळजवळ आडव्या धाग्यावर आणि त्यांच्या मधला उरेब. उरेब कापड स्वतःच्या वजनाने ताणते. स्कर्ट दोन दिवस टांगून ठेवला तर तेवढ्याच जागी त्याची खालची कड लोंबू लागते.

म्हणून कळ्या. आपल्याकडचा सहा कळ्यांचा परकर याच युक्तीवर उभा आहे. १५८ अंशांचे सात भाग केले तर प्रत्येक कळीच्या वाट्याला साडेबावीस अंश येतात. कळीच्या मध्यावर उभा धागा ठेवला, तर तिची कड त्यापासून ११ अंशांहून फारशी ढळत नाही. कळी वर साडेआठ सें.मी. आणि खाली ५० सें.मी. (सोयीसाठी सातही सारख्या धरल्या; प्रत्यक्षात पुढची, बाजूची आणि मागची कळी वेगवेगळी असे.) कळ्या उलटसुलट मांडल्या की कापडही वाचते. मखमलीला मात्र ही मांडणी चालत नाही, कारण तिची लव उलटी झाली की रंग वेगळा दिसतो.

शिवाय शरीर म्हणजे काही शंकू नव्हे. नितंबांचा फुगीर भाग कोणत्याही सपाट कागदाने सुरकुती न पडता झाकता येत नाही. पृथ्वीगोल बनवणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न असतो. तेही नकाशा निमुळत्या पट्ट्यांत छापून गोलावर चिकटवतात. या पट्टीला आणि स्कर्टच्या कळीला इंग्रजीत एकच शब्द आहे, 'गोअर'. कळीची कड सरळ न ठेवता नितंबापाशी किंचित बाहेर आणि गुडघ्याखाली झपाट्याने फाकवली की कर्ण्याचा आकार येतो. साच्यातली सगळी कला त्या वक्र कडेत असते.

आता साच्यांविषयी. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समधल्या एबेनेझर बटरिक या शिंप्याने १८६३ साली वेगवेगळ्या मापांचे कागदी साचे विकायला काढले. एडवर्डच्या काळातले असे साचे म्हणजे पातळ कागदाचे कोरे तुकडे. त्यांवर छापील रेषा नाहीत, नुसती भोके आणि कडेला खाचा. काही भोके उभ्या धाग्याची दिशा सांगत, काही शिवण किंवा घडी कुठे ते सांगत. खुलासा पाकिटावर असे. पाकीट हरवले तर भोकांचा अर्थही हरवला. काही साच्यांत शिवणीची माया धरलेली असे, काहींत नसे. सात कळ्यांना चौदा कडा. माया धरलेली असताना आपण प्रत्येक कडेला आणखी एक सें.मी. सोडली आणि शिवण मात्र ठरलेल्या अंतरावरच घातली, तर कंबर १४ सें.मी. वाढली!

दुसरा मार्ग पुस्तकातल्या आराखड्यांचा. जॅनेट अर्नोल्ड या इंग्रज संशोधक बाईंनी संग्रहालयांतले खरे कपडे मोजून 'पॅटर्न्स ऑफ फॅशन'चे आराखडे चौकटींच्या कागदावर काढले. प्रमाण एक इंचाला एक अष्टमांश इंच. हे आठपट मोठे करताना पेन्सिलीची अर्ध्या मिलिमीटरची चूकही आठपट होते, म्हणजे ४ मिलिमीटर. म्हणून असा आराखडा गिरवू नये. चौकटी मोजून तो नव्याने काढावा आणि एकमेकींना जोडायच्या कडा सारख्या लांबीच्या आहेत ना, ते पट्टीने तपासावे.

आमच्यापैकी जिच्यासाठी स्कर्ट होता तिची कंबर ७२ सें.मी. साचा झेरॉक्सवर वीस टक्के मोठा करावा असे आधी सुचले. पण मग उंचीही १०५ ची १२६ झाली असती आणि ती काही तेवढी उंच नाही. म्हणून वाढवायचे १२ सें.मी. चौदा कडांवर वाटले: प्रत्येक कडेला वरपासून खालपर्यंत साडेआठ मिलिमीटरच्या आसपास. मांजरपाटाचा नमुना शिवला आणि कंबर भरली ६९!

उसवून पाहिले. मशीन सगळीकडे खडूच्या रेषेच्या आतून चालले होते. प्रत्येक कडेला दोन मिलिमीटर, म्हणजे चौदा कडांना २८. खालच्या साडेतीन मीटरहून अधिक घेरात ते कुणाच्या लक्षातही येणार नाहीत, पण कमरेला हूक लागेना.

दुसऱ्या नमुन्यात कंबर बसली, तरी स्कर्ट मागे जमिनीवर लोळू लागला. आता शिवण निर्दोष होती. त्या काळचे कॉर्सेट पुढून सरळ असे. ते छाती पुढे आणि नितंब मागे रेटत असे. साचा त्या ठेवणीच्या शरीरासाठी कापलेला, म्हणून मागची उंची जास्त. आमची मैत्रीण साधी ताठ उभी होती. खालची कड कापली असती तर घेराची गोलाई बिघडली असती. म्हणून खाली हात न लावता मागच्या बाजूने कमरेतूनच दीड सें.मी. वर ओढून घेतले, टाचण्या लावल्या आणि मग खऱ्या कापडाला कात्री लावली.